रेझिलियन्सला मराठी शब्द हवाय, आणि तो ‘लवचिकता’ नकोय

पूररेषा (धागाकर्ती)

मंडळी, अडलेय. भाषांतरं करून पोट भरते. सध्या एक जाडजूड अहवाल हातात आहे: बाजार, यंत्रसामग्री आणि वस्त्या, या तिन्हींचा ‘रेझिलियन्स’ (ढोबळमानाने, धक्का सोसून पुन्हा सावरणं) कसा वाढवावा, यावर. शब्द मोजला, १४१ वेळा आलाय. सोबतच्या शब्दसूचीत त्यापुढे एकच प्रतिशब्द छापलाय, ‘लवचिकता’. तो इमानेइतबारे टाकत गेले आणि बाविसाव्या पानावर हे वाक्य तयार झालं: ‘पूरप्रवण वस्त्यांची लवचिकता वाढवणे आवश्यक आहे.’

मी सांगलीची, माहेर गावभागात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाबांनी २००५ च्या पुराची रेघ पेन्सिलीने ओढून ठेवली होती, शेजारी तारीख. पुढे घर दुरुस्तीला काढलं तेव्हा फ्रीज आणि धान्याच्या कोठ्या ठेवायला कट्टा बांधला. त्याची उंची बाबांनी गवंड्याला सांगितली: रेघ अधिक एक वीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या कट्ट्यावर दोन हात चढलं. फ्रीज तरंगत जाऊन दाराला आतून आडवा बसला, पाणी उतरल्यावर दार उघडेना. बारा दिवस आम्ही सात माणसं विश्रामबागेत आत्याच्या वरच्या खोलीत होतो.

तर यातलं लवचिक नेमकं कोण? कट्टा? बाबा? आत्या?

शब्द सुचवा. जमलं तर तिन्हीकडे चालेल असा एकच. आणि कृपा करून लव्हाळ्याचं उदाहरण कुणी देऊ नका, ते अहवालाच्या प्रस्तावनेतच आहे.

शब्दखोर

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागे उडी घेणे’. दाबलेली वस्तू सोडली की परत उसळते, ते. आपल्याकडे गोंधळ जुनाच आहे. ‘इलॅस्टिसिटी’ हा एकच शब्द भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकात ‘स्थितिस्थापकता’ होतो आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘मागणीची लवचिकता’. म्हणजे लवचिकतेची खुर्ची आधीच भरलेली. त्याच खुर्चीत रेझिलियन्सला बसवलं तर बारावी कॉमर्सच्या पोराला वाटेल, पूर आल्यावर वस्तीची मागणी किती टक्के घटते ते काढायचंय.

माझ्याकडून: तग, नेट, दम, चिवटपणा, काटकपणा, कणखरपणा. बाजारासाठी ‘उसळी’ आहेच, वर्तमानपत्रं रोज वापरतात आणि लॅटिन मुळाच्या सगळ्यात जवळ तीच. लावलेल्या रोपाबद्दल आई म्हणते, ‘जीव धरला’. आता हे अहवालात कोण चालवून घेणार म्हणा.

तिरफळ

वाचतेय. ‘जीव धरला’ फार आवडलं.

जुना_लेथ

कोल्हापुरात उद्यमनगरात ३८ वर्षं काढली, म्हणून यंत्रापुरतं बोलतो. चिवटपणा लिहू नका, चुकेल.

ट्रकचा कमानपाटा बघा. चाक खड्ड्यात गेलं की पाटा वाकतो, दणका पोटात घेतो आणि सरळ होताना परत देतो. पुन्हा जसाच्या तसा होईल इथपर्यंत जेवढा दणका तो पोटात घेऊ शकतो, तेवढाच त्याचा रेझिलियन्स. त्याच्या पुढे वाकवला की वाकडाच राहणार. तुटेपर्यंत एकूण किती सोसलं हे वेगळं माप आहे, ते टफनेस, आणि चिवटपणा म्हणायचा तो त्याला. साधी लोखंडी पट्टी चिवट असते. वाकेल, ताणेल, पण तुटणार नाही. परतही येणार नाही.

आकड्यात सांगतो. कायमचं वाकण्याआधी धातू किती ताण सोसतो त्याच्या वर्गाच्या पटीत हे माप वाढतं. साध्या पोलादाला धरा २५० मेगापास्कल, कडक केलेल्या स्प्रिंगच्या पोलादाला १२००. ताण पाचपटही नाही, पण दणका झेलून परत द्यायची कुवत २३ पट. हे नुसत्या धातूने होत नाही, भट्टीने होतं. लालभडक पाटा तेलात विझवला की काचेसारखा ठिसूळ असतो, हातातून पडला तर तुकडे. मग त्याला पुन्हा बेताने तापवून उतरवावा लागतो. विळ्याला पाणी देणारा गावचा लोहार रंग बघून हेच करायचा. म्हणूनच तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये म्हणतात. टाका धरतो, पण शेजारचं पाणी, म्हणजे भट्टीने आणलेला कडकपणा, उतरतं, आणि पुढच्या खेपेला पाटा टाक्याच्या बाजूला तुटतो.

खाडा

जुना_लेथ, वाकडं राहण्यावरून आठवलं. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. ११ जुलै २००६, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट. दोन्ही वेळा गाड्या पुन्हा भरून धावल्या आणि चॅनेलवाल्यांनी मुंबईच्या स्पिरिटची आरती केली. स्फोटांच्या दुसऱ्या दिवशीच्या त्या गर्दीत मी होतो. अंधेरीला एका पॅकिंगच्या कारखान्यात रोजावर. घरी बसलो तर खाडा, आणि महिन्यात तीन खाडे झाले की हजेरीचा बोनस गेला. डब्यात कुणी बोलत नव्हतं. वरच्या फळीवर एक धनी नसलेली पिशवी दिसली तर दहा जणांच्या माना वर. ती एका म्हाताऱ्याची निघाली, आत दुधी होता. कुणी हसलंही नाही.

कामावर परतलो हे खरं. जसाच्या तसा परतलो का, हे कुणी मोजलं नाही.

मिसिसिपीकाठ

लुइझियानात राहतो. इथे कट्रिना चक्रीवादळानंतरच्या वर्षांत न्यू ऑर्लिन्समध्ये भिंतींवर पत्रकं लागली होती, ‘मला रेझिलियन्ट म्हणणं बंद करा’ अशा अर्थाची. मुद्दा हा, की तुम्ही आम्हाला तसं म्हणता, म्हणजे आमच्यावर आणखी काही लादायला मोकळे होता. माझे इथले शेजारी अजूनही हा शब्द ऐकला की तोंड वाकडं करतात. खाडा यांचा प्रतिसाद त्यांना इंग्रजी करून वाचून दाखवणार आहे. परवानगी?

खाडा

खुशाल. दुध्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मात्र तुम्हीच बघा.

दोन_पैसे

बाजाराबद्दल कुणीच बोलेना म्हणून. ‘सर्किट ब्रेकर’ हा शब्द मुळात वायरमनचा. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेतला डाऊ हा शेअर निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, त्यानंतर घरातल्या एमसीबीसारखी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या बटणासारखी, कळ तिथल्या बाजाराला बसवली. आपल्याकडे २ जुलै २००१ पासून निर्देशांकाला १०, १५ आणि २० टक्क्यांच्या तीन पायऱ्या आहेत, तेवढा हलला की व्यवहार थांबतात. २३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यावर तासाभरातच पहिली कळ पडली, ४५ मिनिटं सगळं बंद. पुन्हा उघडला तर पुन्हा घसरण, सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी म्हणजे १३.१५ टक्के खाली बंद झाला. आणि नोव्हेंबरात त्याने जानेवारीचा उच्चांक मोडला. उसळीच.

पण कळ पडल्याने काहीही दुरुस्त होत नाही. घरी एमसीबी पडला तर गिझर सुधारतो का? घर जळत नाही, एवढंच. मधल्या ४५ मिनिटांत लोक पैशांची जुळवाजुळव करतात, फोन करतात, पाणी पितात.

दुसरी गोष्ट. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले ते दुपारी ३:४५ ला सुरू झाले, त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. एक लाइन गेली तर दुसरी असावी म्हणून दूरसंचार सेवा दोन कंपन्यांकडून घेतलेली होती. दोघींच्याही लाइनला एकाच वेळी अडचण आली. ‘पर्यायी व्यवस्था आहे’ असं कागदावर वाचलं की मी आता एवढंच विचारतो, दोन्ही दोऱ्या एकाच खुंटीला तर बांधलेल्या नाहीत ना?

तिरफळ

दोन_पैसे, २०२० मधल्याच आणखी दोन गोष्टी लिहून ठेवते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसलं. आणि ८ मेच्या पहाटे जालन्याहून चालत गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते, त्यांच्यावरून मालगाडी गेली. उसळी कुणी घेतली ते अहवालात नावानिशी लिहा.

दोन_पैसे

यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाजार म्हणजे देश नव्हे, हे मी रोज घासून घासून सांगतो, पण ते उत्तर नव्हे.

चाळकरी

निफाड तालुक्यातला शेतकरी. शब्दखोरांनी ‘दम’ लिहिलाय, आमच्याकडे तोच चालतो. फक्त तो कुणात असतो ते सांगतो.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात काढायचा, शेतातच सुकवायचा, पात कापताना मान बोटाच्या पेराएवढी ठेवायची. मान उघडी पडली की सड तिथूनच आत जाते. मग चाळीत भरायचा. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खालून वारा, बाजूला फळ्यांच्या फटी. थर पाच फुटांच्या वर न्यायचा नाही, खालचा चेपतो. एवढं केलं की दिवाळीपर्यंत भाव बघत थांबता येतं. घट येतेच: सुकतो, सडतो, कोंब फुटतात. दहा क्विंटल भरलेला सहा-सात निघतो. ही थांबण्याची किंमत, ती आमच्या खिशातून.

लाल कांद्याला हा दम नाही. पाणी जास्त, साल पातळ, काढला की लगेच मार्केटला न्यावाच लागतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा मार्केटला नेमका लाल कांदा होता. बंदी उठली ४ मे २०२४ ला, टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. तोवर लाल कधीच संपला होता आणि उन्हाळ निघाला होता. आता तुमच्या अहवालात ‘शेतकऱ्याचा रेझिलियन्स’ असेल तर विचारा, कुठल्या महिन्यातला?

तिरफळ

‘चाळ’ वाचून मला क्षणभर गिरगावच दिसलं.

चाळकरी

तिथंही कोंब फुटतातच की ताई.

चाकण_शिफ्ट

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. प्रशिक्षणात एक गोष्ट हमखास सांगतात. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करिया इथे आयसिन कंपनीचा एक कारखाना जळाला. तिथे ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, मागच्या चाकांचा दाब सांभाळणारा. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तो तिथूनच जायचा. साठा ठेवायचा नाही ही टोयोटाची रीत, त्यामुळे दोन-चार दिवसांत जपानमधल्या त्यांच्या लाइनी बंद.

पुढे जे झालं ते वाचण्यासारखं आहे. आयसिनने नकाशे वाटून टाकले. साठाहून अधिक कारखाने, ज्यांनी हा व्हॉल्व्ह कधी हातात धरला नव्हता, ते आपापल्या यंत्रांवर तो कातायला बसले. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा होती. आठवड्याभरात गाड्या परत लाइनीवर. पैशाचं कोण किती देणार, हे आधी ठरलंच नव्हतं.

आमचे प्रशिक्षक हे ‘टीमवर्क’ या मथळ्याखाली सांगतात. मला मात्र त्यात एकच गोष्ट दिसते: त्या साठ कारखान्यांत थोडं यंत्र आणि थोडा कारागीर मोकळा होता. आमच्याकडे तिन्ही शिफ्ट भरलेल्या. शेजारच्याचा कारखाना जळाला तर सहानुभूतीचा मेल पाठवू.

हिशेबनीस

चाकण_शिफ्ट, ‘मोकळा होता’ हे शब्द आमच्या खात्यात कुणाला ऐकवू नका. एका कारखान्याचे हिशेब बघतो. दर मार्चला फर्मान निघतं, स्टोअरमध्ये न हललेला माल काढा. यादी मीच करतो. एका गिअरबॉक्सला सात वर्षांत कुणी हात लावला नव्हता, मी त्याच्यापुढे लाल खूण केली. भंगाराच्या टेंपोत चढवताना स्टोअरवाला नुसता माझ्याकडे बघत होता, बोलला काही नाही. जूनमध्ये चालू गिअरबॉक्सचा दात गेला. नवा यायला पाच आठवडे. त्या यादीवर सही माझी आहे, आणि त्या वर्षी साठा कमी केल्याबद्दल आमच्या विभागाला ढालही मिळाली.

तरी सांगतो, सगळंच राखून ठेवायचं म्हटलं तर कारखाना गोदाम होईल. कुठला गिअरबॉक्स ठेवायचा हे सांगणारा माणूस पगारावर असायला हवा. तो आमच्याकडे होता, तोच स्टोअरवाला. त्याला कुणी विचारलं नाही.

जुना_लेथ

चाकणकर, आमच्याकडे तसं झालेलं पाहिलंय, सांगतो. २०१९ चा पूर ओसरल्यावर माझ्या भाच्याच्या वायंडिंगच्या दुकानापुढे मोटारींची रांग रस्त्यापर्यंत लागलेली. नदीकाठचे शेतकरी दर पावसाळ्यात मोटर-स्टार्टर वर काढतातच, पण वर म्हणजे नेहमीच्या पुराच्या वर. त्या वर्षी ते वरही बुडलं. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, त्या वर्षी दोन्ही कुठल्या कुठे खाली राहिल्या.

बुडालेली मोटर कशी जगवतात ते बघण्यासारखं असतं. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा. उघडून रोटर बाहेर. मग ताडपत्रीच्या तंबूत २०० वॉटचे बल्ब लावून मंद उबेत ठेवायची आणि तासातासाला मेगर (ओलीमुळे वीज कुठे झिरपते का, ते आकड्यात दाखवणारं मीटर) लावायचा. नवशिका इथे फसतो. मोटर तापायला लागली की मेगरचा आकडा वाढायच्या ऐवजी आधी खाली येतो. पोरगं घाबरतं, म्हणतं मामा गेली. गेलेली नसते. कॉइल गरम झाली की आकडा आधी पडतोच, आतली ओल निघायला लागली की चढायला लागतो, आणि चढून एका जागी थांबला की समजायचं वाळली. तोवर करंट द्यायचा नाही. पण मालक दारात उभा असतो, उसाला पाणी हवं असतं. घाईत बटण दाबून जाळलेल्या मोटारी मी चिक्कार पाहिल्या. पाण्याने मारलं नव्हतं त्यांना.

त्या दहा-बारा दिवसांत गल्लीतल्या तीन फॅब्रिकेशनवाल्यांनी आपापलं काम बाजूला ठेवून आम्हाला जागा आणि पोरं दिली. भाड्याचं बोलणं झालं नाही. शेतात इर्जिक घालतात तसंच, रात्री सगळ्यांना आमच्याकडे मटण.

आणि ती पाणबुडी मोटर. तिच्या पोटात आधीच पाणी भरलेलं असतं, वायंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण. तिला पूर आला काय, गेला काय. एक मोटर पाण्यापासून पळणारी, दुसरी पाण्यात राहायलाच घडवलेली. दोघींना एकच शब्द कसा पुरणार? (पाणबुडीचा स्टार्टर मात्र काठावरच असतो. तो बुडतो.)

शब्दखोर

जुना_लेथ यांनी नकळत जुन्या वादाला हात घातला. १९७३ मध्ये हॉलिंग या कॅनडाच्या पर्यावरण-अभ्यासकाने असाच भेद मांडला होता. धक्क्यानंतर किती लवकर पूर्वपदावर येतं, याला तो स्थैर्य म्हणतो. रेझिलियन्स म्हणतो ते वेगळ्याच गोष्टीला: आतली नाती तुटू न देता किती उलथापालथ पचवता येते. त्याच्या हिशेबात सतत वर-खाली होणारं जंगलही रेझिलियन्ट असू शकतं. म्हणजे कमानपाट्याचा रेझिलियन्स आणि जंगलाचा रेझिलियन्स हे इंग्रजीतसुद्धा एका शब्दात कोंबलेले दोन प्राणी आहेत. पूररेषा, एकच शब्द सापडत नाही याला तुमचं मराठी जबाबदार नाही.

पूररेषा

पाणबुडी मोटर वाचून नृसिंहवाडी आठवली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ, दर पावसाळ्यात पाण्यात जातं. पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागलं की दक्षिणद्वार सोहळा, लोक लांबून स्नानाला येतात. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या देवळात हलवतात. पुजाऱ्यांना कुठल्या पायरीला काय हलवायचं हे पाठ असतं. पूर तिथे सणासारखा येतो आणि देवळात अडवायला काही नाहीच, आत येऊन बाहेर पडायला वाट आहे. आमच्या बाबांनी बांधला तो कट्टा, वाडीने ठेवलंय ते दार.

अर्थात २०१९ ला वाडीचीही घरंदारं, दुकानं पाण्यात गेली. देवाला हलवायची रीत आहे, दुकानाला नाही.

माळवद

किल्लारीकडचा. आमचं गाव त्या ५२ गावांपैकी, जी भूकंपानंतर सगळीच्या सगळी नव्या जागी नेली. तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे ३:५६.

आमच्या घराच्या भिंती दोन हात जाड, दगड आणि चिखलाच्या. वर लाकडावर हातभर मातीचं माळवद. मे महिन्यात आत गारवा, थंडीत ऊब, चोराची टाप नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या ज्या गोष्टीची भीती होती तिच्यासाठी ते घर पक्कं होतं. भूकंपाची भीती कुणाला नव्हती. ते जाडपणच अंगावर आलं.

नवं गाव भूकंपाला टिकेल, यात शंका नाही. रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येकाला नंबर. जुन्या गावात माळवदावरून माळवदावर चालत वेशीपर्यंत जाता यायचं, आणि दळण संपलं हे शेजारणीला हाक मारायच्या आधी कळायचं. नव्या गावात आजी म्हणायची, इथं हाक पोचत नाही. ती शेवटपर्यंत घराचा नंबर शिकली नाही. पाहुण्याला पत्ता सांगताना जुन्या वेशीपासून सांगायची, जी वेस आता काटेरी झुडपात होती.

यात चूक कुणाची मला सांगता येत नाही. जवळ बांधली असती घरं तर पुन्हा भीती.

तिरफळ

माळवद, यावर काय लिहावं कळत नाही. वाचलं, एवढंच सांगते.

हळकुंड

पूररेषा, तुम्ही सांगलीच्या असून हरिपूरच्या पेवांचा विषय काढला नाहीत? आमचं आजोळ हरिपूर.

नव्या वाचकांसाठी: हळदीची ही जुनी कोठारं जमिनीच्या पोटात. २०-२५ फूट खोल, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, रांजणासारखं. तळाला आणि कडेला पाला-पाचटाचा थर, मग हळद, वर तोंड बंद. आत हवा संपली की किड्याला जगता येत नाही, हळद वर्षानुवर्षं राहते. भाव पडला की पेव बंदच ठेवायचं. चाळकरी, तुमच्या चाळीला घट लागते, आमच्या पेवाला जवळजवळ नाही. म्हणून सांगलीच्या व्यापाऱ्यांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं दम धरता यायचा. ‘अमक्याचं पेव फुटलं’ म्हणतो ना आपण, ते या अशा कोठारावरून.

बाजाराचे किती चढउतार त्या खड्ड्यांनी पचवले असतील. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं आणि बरीचशी पेवं ढासळली, हळद कुजली. पुढे व्यापार वखारींकडे आणि शीतगृहांकडे गेला. किडा, उंदीर, चोर, पडता भाव, सगळ्यांसाठी बांधलेली वस्तू. नदी दोन पावलांवर, आणि तिच्यासाठी काही नाही.

दोन_पैसे

काय उदाहरण आहे! माळवद यांच्या भिंती आणि हे पेव एकाच जातीचे.

हिशेबनीस

आणि कट्टासुद्धा. रेघ अधिक एक वीत.

पूररेषा

हिशेबनीस, कट्ट्याला नावं ठेवू नका, बाबा वाचतात इथे.

हळकुंड, लाज वाटली हो. हरिपूरला संगमावर शेकडो वेळा गेलेय, भेळ खाऊन परत.

काम काल पाठवलं. एक शब्द नाहीच सापडला, तेव्हा तीन वापरले. यंत्राच्या प्रकरणात ‘पूर्ववत होण्याची क्षमता’, जुना_लेथ यांना स्मरून. बाजाराच्या प्रकरणात जिथे भाव परत वर येतो तिथे ‘उसळी’ आणि जिथे थांबता येतं तिथे ‘दम’. वस्त्यांच्या प्रकरणात ‘सावरण्याची ताकद’, आणि जिथे जिथे ती ‘वाढवणे आवश्यक’ होतं तिथे समासात प्रश्न टाकला: कुणाच्या खर्चाने? हे आत्यामुळे सुचलं. तिची वरची खोली भाड्याने द्यायला भावाने दहा वेळा सुचवलं होतं, ती देत नव्हती. ‘कुणी आलं-गेलं तर?’ एवढंच म्हणायची. दहा-बारा वर्षांचं ते भाडं कुठल्याच अहवालात नाही.

आज दुपारी उत्तर आलं. भाषांतर आवडलं म्हणे. फक्त सुसंगतीसाठी १४१ ही ठिकाणी ‘लवचिकता’ करून घेतलंय, आणि समासातले प्रश्न ‘चुकून राहिलेले’ म्हणून काढलेत. बिल पाठवायला सांगितलंय.

चाळकरी

बिल लाल कांद्यासारखं असतं ताई, लगेच पाठवा.

शब्दखोर

१४१ ठिकाणी! शोधा-आणि-बदला करताना ‘उसळी’चीही लवचिकता झाली असेल. मटकीची वाचली म्हणायची.

मिसिसिपीकाठ

अवांतर, पण डोक्यातून जात नाही. हळकुंड, पेवात हवाच नसेल तर हळद काढायला माणूस उतरायचा कसा?

हळकुंड

तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचे. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर वर ओढायचा, पुन्हा थांबायचं. आजोबा सांगायचे, कंदील सोडणारा हमाल ठरलेला असायचा, दुसऱ्या कुणाच्या शब्दावर कुणी उतरत नसे.

मिसिसिपीकाठ

तुमच्या आजोळचं पेव अजून आहे? पुढच्या खेपेला बघता येईल?

हळकुंड

नाही हो. २००५ नंतर दोन-तीन वर्षं तसंच उघडं होतं, मग पोरंबाळं पडतील म्हणून मामांनी मुरूम टाकून बुजवलं. आता तिथे पत्र्याची शेड आहे, ट्रॅक्टर लावतात. पण या, चहा होईल.